तिसरा आग्रह

१

"गॉलवेत राहायचं तर कुठल्या भागात राहावं?"

आयर्लंडच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना खोल्या देण्याच्या चौतीस वर्षांत हा प्रश्न मला किती लोकांनी विचारला असेल, देव जाणे. फोन आमच्या जिन्याखाली असायचा. मी ओले हात अ‍ॅप्रनला पुसून तो उचलायची आणि सरळ उत्तर द्यायची. खोटं बोलून गिऱ्हाईक ओढणं या डेलिया फॅहर्टीच्या रक्तात नाही.

आयर चौकात राहिलात तर स्टेशन दोन पावलांवर, पण रात्रभर तुमच्या खिडकीखाली पोरंपोरी गाणार, आणि तेही बेसूर. न्यूकॅसलला सगळे विद्यार्थी, म्हणजे जिन्यात सायकली. क्लाडा देखणं आहे, कोण नाही म्हणतं? माझी नणंद जोसी तिथंच खोल्या देते. पण तिथले हंस पहाटेपासून भांडतात आणि जोसीला अजून अंडं नीट उकडता येत नाही. राहता राहिलं आमचं सॉल्टहिल. समोर अख्खा उपसागर, पलीकडे क्लेअरचे डोंगर, आणि सकाळी माझ्या हातचा सोडा ब्रेड. एवढं ऐकून जो दुसरीकडे गेला, तो पुढच्या वर्षी माझ्याकडेच आला.

आणि आमच्या घरात पाहुण्याला आग्रह होता. आमच्याकडे चहा विचारला की आधी "नको" म्हणतात. तो झाला रिवाज. दुसऱ्यांदा विचारलं की "नको, खरंच नको, उगाच त्रास." तोही रिवाजच. तिसऱ्यांदा तोंडातून जे येतं ते खरं. एकदा एक स्वीडनचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "फॅहर्टीबाई, मी दोनदा नको म्हणालो!" मी म्हटलं, "म्हणून तर आणलाय." बिचारे तीन कप प्यायले. परक्यांना हे कळत नाही, त्यांना माफ आहे. पण आपल्यातल्या माणसानं दोनदा विचारून थांबणं म्हणजे समोरच्याला "निघा आता" असं तोंडावर सांगणं. तसं माझ्या घरात कधी झालं नव्हतं.

२

त्या जूनमध्ये ब्रेमेनचं लिंडेमान जोडपं आलं होतं. चार रात्रींसाठी. वरची समुद्राकडची खोली. पहिल्या सकाळी दोघांनी ताट चाटूनपुसून साफ केलं, फिरायला गेले, आणि अकराच्या सुमारास परत येऊन बॅगा भरायला लागले.

"काही चुकलं का?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असणार.

"नाही नाही, फॅहर्टीबाई," लिंडेमानबाई म्हणाल्या. "घर फार सुंदर आहे. पण आम्हाला थोडं पुढे जागा मिळाली."

"पुढे म्हणजे?"

"या रस्त्याच्या टोकाला. भिंतीच्या पलीकडे. तिथल्या बाई खूप प्रेमळ आहेत हो. आम्ही नको नको म्हणत होतो, त्यांनी तीनदा विचारलं."

मी हसले. प्रॉमच्या, म्हणजे आमच्या समुद्राकाठच्या फरशीच्या रस्त्याच्या, टोकाला एक भिंत आहे खरी. तिच्यापलीकडे काय आहे ते सॉल्टहिलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खडक, शेवाळ आणि गोल्फवाल्यांचं गवत. तिथं घर नाही. कधी नव्हतं.

"ती भिंत नव्हे, दुसरी असेल," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि निघाले. टॅक्सी नको म्हणाले. मी वरच्या खिडकीतून पाहत राहिले. दोघं बॅगा ओढत सरळ चालले होते, फरशीवर चाकं खडखडत होती. वारा माझ्याकडेच येत होता, त्यामुळे तो आवाज फार लांबपर्यंत ऐकू आला. मग एकदम थांबला.

३

"जोसीचं काम आहे हे," मी जेवताना म्हटलं. "पाहुणे पळवतेय बया."

"जोसी? भिंतीपलीकडे?" माझा नवरा मॅलकी म्हणाला. त्यानं तीस वर्षं बस चालवली, त्याला प्रत्येक गोष्टीत रस्ता कुठून जातो ते आधी दिसतं. "तिला खडकावर तंबू ठोकावा लागेल. आणि तुला आठवतं ना, ती पाण्याला किती भिते."

"मग कोण?"

"अगं, जर्मन माणसं. त्यांना वाटलं असेल तुला वाईट वाटेल, म्हणून काहीतरी सांगितलं. तुझं मार्मलेड आंबट झालं असेल."

"माझं मार्मलेड!"

"हां, मग मार्मलेड नसेल," तो घाईनं म्हणाला.

जुलैत आणखी तीन जण गेले. एक लिमरिकचे निवृत्त मास्तर, आणि दोघी बहिणी लिऑनहून आलेल्या. तिघांचं तेच. थोडं पुढे, भिंतीपलीकडे, बाई फार प्रेमळ. तीनदा विचारलं. मास्तर तर आपल्यातलेच. ते म्हणाले, "डेलिया, तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? तूच सांग." तोंडात मारल्यासारखं झालं.

रोज संध्याकाळच्या चहाआधी मी आणि मॅलकी प्रॉमवरून टोकापर्यंत जातो. तिथं पोचलं की सगळे त्या भिंतीला पायानं एक टोला देतात आणि मागे वळतात. का, ते कुणी विचारत नाही. लाथ मारली नाही तर फेरी झाली असं वाटतच नाही. त्या दिवशी मी जरा जोरातच मारली. खरं सांगायचं तर रागानं मारली.

पलीकडून भिंतीवर एक टोला पडला. माझ्यासारखाच, बुटाच्या टोकाचा. आणि मग पावलं वाजली, वळून परत जाणारी. जणू कुणी तिकडच्या बाजूनं आपली फेरी पूर्ण केली होती.

मी भिंतीवरून वाकून पाहिलं. खडक होते. ओहोटी होती. एक बगळा उभा होता.

"गोल्फचा चेंडू असेल," मॅलकी म्हणाला. पण परतताना त्यानं माझा हात धरला होता, आणि तो काही हात धरणाऱ्यातला नाही.

४

ऑगस्टात लिंडेमानबाईंनी फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आम्ही अजून इथंच आहोत. नाश्ता अप्रतिम!"

मी फोन चष्म्याजवळ नेला. टेबलावर सोडा ब्रेड होता, वर सुरीनं फुली केलेली. ती फुली मी जरा तिरकी करते, कारण माझं मनगट एकदा भाजलंय. ही फुलीही तिरकी होती. रुबार्बचा जॅम, निळ्या काठाच्या बश्या. अशा बश्या कुठल्याही दुकानात मिळतात, हे मी स्वतःला तिथल्या तिथं सांगितलं. सोडा ब्रेड अख्ख्या आयर्लंडमध्ये भाजतात, हेही सांगितलं.

पण टेबलामागे खिडकी होती. खिडकीत पाणी होतं. पाण्यापलीकडे प्रॉम, रंगीत घरांची रांग, आणि बरोबर मधे आमचं घर. पांढऱ्या चौकटी, वरच्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला. वरच्या खिडकीत कुणीतरी उभं राहून इकडेच पाहत होतं. अ‍ॅप्रन घातलेलं.

"बोटीतून काढलाय," मॅलकी म्हणाला.

"बोटीत पडदे असतात?"

"असतात काही बोटींत." त्यानं फोन माझ्या हातातून घेऊन टेबलावर पालथा ठेवला. "घर मात्र छान दिसतं आपलं. लांबून बघितलं नव्हतं कधी."

छान दिसतच होतं. एवढ्या सगळ्यातही माझी मान जरा ताठ झाली, काय करू!

५

ऑगस्टच्या शेवटी फोन वाजला. व्हँकुव्हरहून डर्व्हला बोलत होती. माझी लेक.

नऊ वर्षांपूर्वी ती हॉटेलचं शिकून आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "आई, घर जुनाट झालंय. गालिचे काढ, लोकांना एवढा आग्रह करत जाऊ नकोस." मी म्हटलं, "जिला माझं घर जुनाट वाटतं तिनं खुशाल दुसरीकडे राहावं." ती राहिली. समुद्र ओलांडून राहिली. नाताळला फोन करायची, हवापाण्याचं बोलायचो आम्ही.

"आई, सप्टेंबरात येतेय. दोन आठवडे."

मी जिन्याच्या पायरीवर बसलेच. "ये की."

"कुठल्या भागात राहू गं? तू सांग."

परक्यासारखं विचारलं तिनं! माझ्या पोटच्या पोरीनं, मी ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या जगाला देते, तोच.

"तुझी खोली आहे की इथं," मी म्हटलं.

"नको आई. तुझा मोसम आहे, एक खोली अडेल."

"सप्टेंबरात कसला मोसम? गादीला ऊनसुद्धा दाखवलंय मी."

"नको, खरंच नको. उगाच तुला त्रास."

मग ती गप्प झाली. तिचा श्वास ऐकू येत होता. मागे कुणीतरी कपबश्या आवरत होतं. ती थांबली होती, मला पक्कं कळत होतं ती कशासाठी थांबलीय. माझ्या जिभेवर होतं. पण मनात आलं, घर तिनं नावं ठेवून सोडलं, आणि विनवण्या मी करू? डेलिया फॅहर्टीनं कुणाला माझ्याकडे राहा म्हणून गयावया केलेली नाही.

"मग सॉल्टहिलच बघ," मी म्हटलं. "घरं पुष्कळ आहेत इथं."

"बरं," ती म्हणाली. अगदी लहान आवाजात. मग आमचं नेहमीचं, बाय बाय बाय, आणि फोन बंद.

६

ती आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, बारीक पाऊस पडत होता. मॅलकीनं तिला दारातच मिठी मारली आणि सोडेचना. मी मागे उभी होते. तिच्या केसांत पांढरं दिसलं आणि मला रडू फुटलं, ते मी खोकल्यात घातलं.

लाल बॅग तिनं दाराशीच ठेवली. आत आणली नाही.

"चहा घेशील?"

"नको आई."

"घे गं, ठेवलाच आहे."

"नको, आत्ताच बसमध्ये घेतला."

"अर्धा कप?"

"बरं, अर्धा," ती म्हणाली आणि हसली. पोरगी विसरली नव्हती काही. मला इतका अभिमान वाटला तिचा की अर्ध्याऐवजी मी कप काठोकाठ भरला.

मॅलकीनं विचारलं, "राहतेस कुठं?"

"थोडं पुढे, बाबा. भिंतीपलीकडे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी किटली खाली ठेवली.

"जागा कुणी दिली?"

"बाईंनी स्वतःच फोन केला. मला वाटलं तू नंबर दिलास. आधी तर वाटलं तूच बोलतेयस. आवाज तुझा, बोलणं तुझं. गादीला ऊन दाखवलंय म्हणाली." तिनं कपात पाहत सांगितलं, "आणि आई, तिनं तीनदा विचारलं."

"डर्व्हला, तिथं घर नाही."

"आई..."

"घर नाही गं तिथं! खडक आहेत नुसते. जाऊ नकोस."

ती हसली, पण थकल्यासारखी. "तुझ्या मते तर सॉल्टहिल सोडलं की जगात कुठंच घर नाही. क्लाडा नाही, व्हँकुव्हर नाही. सवय आहे मला त्याची."

चौतीस वर्षं मी माझ्या भागाची बढाई मारली होती, त्याचं हे फळ. खरं सांगायची वेळ आली तेव्हा माझी स्वतःची लेक ते खरं मानेना. ती उठली, उद्या येते म्हणाली. फरशीवर चाकं खडखडायला लागली.

"फोनवर किती वेळा विचारलंस तिला?" मॅलकी म्हणाला.

"दोनदा."

"डेलिया!" इतक्या वर्षांत तो माझ्यावर ओरडला नव्हता. "दोनदा?"

७

मी अ‍ॅप्रनवर आणि घरातल्या चपलांवर धावले. जी बाई लिपस्टिक न लावता फाटकाबाहेर जात नाही, ती प्रॉमवरून धावली. लोकांनी कुत्री बाजूला ओढली. कुणीतरी ओरडलं, "फॅहर्टीबाई, आग लागली की काय?" मी थांबले नाही.

डर्व्हला भिंतीपाशी होती. एक गुडघा भिंतीवर टेकलेला. बॅग तिच्या हातात नव्हती. ती पलीकडे गेली होती, आणि एक हात तिला वर ओढायला भिंतीवरून पुढे आला होता. बाह्या दुमडलेल्या. भांडी घासून लाल झालेला हात. मनगटावर भाजल्याचा डाग. मी माझं मनगट अ‍ॅप्रनखाली लपवलं, का ते सांगता येत नाही.

"डर्व्हला, घरी चल," मी म्हटलं.

ती वळली. गाल ओले होते. "नको आई. ठरलंय आता."

"तुझ्या खोलीत राहा. चल."

"नको. उगाच तुला..."

सगळा प्रॉम ऐकत होता. पोहायला आलेल्या बायका टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या. उद्या दुपारपर्यंत जोसीलाही कळणार होतं.

"मी तुझ्या पाया पडते," मी ओरडून म्हटलं. "चुकलं माझं. दोनदा विचारून थांबले. गालिचे काढते, सगळं काढते, पण माझ्या घरी राहा गं, बाळा!"

तिनं गुडघा खाली घेतला. माझ्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी रडली, नाक माझ्या खांद्यात खुपसून. "बॅग..." ती म्हणाली. मी म्हटलं, "मरू दे बॅग." वर पाहिलं तर हात नव्हता. मी काही पलीकडे वाकले नाही.

आम्ही हातात हात घालून परत निघालो. पाऊस थांबला होता. मी सगळ्यांकडे बघून मान हलवत होते. ही माझी लेक, माझ्या घरी राहायला आलीय, असं प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं, आणि दोघातिघांना सांगितलंही. आयुष्यात इतक्या ताठ मानेनं मी त्या रस्त्यानं चालले नव्हते.

८

मॅलकीनं दार उघडलं. डर्व्हला त्याच्या काखेखालून आत गेली, पायपुसण्यावर बूट पुसले, जिन्याकडे वळली. मॅलकी मात्र दारातच उभा राहिला.

"आता हे कसं?" तो म्हणाला. "तू तर मघाशीच आलीस. तिची बॅग घेऊन वर गेलीस."

वरच्या मजल्यावर चाकं खडखडली. लाकडी फळ्यांवरून, डर्व्हलाच्या खोलीकडे. मग चादर झटकल्याचा आवाज आला. मी झटकते तसाच, दोन झटके आणि एक लहानसा.

"मॅलकी," मी म्हटलं, "मी इथं आहे."

जिन्याच्या वळणावर कठड्याशी अ‍ॅप्रनची किनार दिसली. बस, तेवढीच. आणि वरून आवाज आला. मोठा, आनंदी, घरंदाज. माझाच आवाज तो, पण मी तो कधी असा बाहेरून ऐकला नव्हता. चांगलाच आवाज होता.

"दारात कोण उभंय? आत या ना! चहा ठेवलाय."

मी काय करायला हवं होतं ते तुम्हालाही कळतंय. पण जन्मभराची सवय जिभेत बसलेली असते, ती विचार करत नाही.

"नको, नको," मी म्हटलं.



"अहो या, त्यात काय! आपलंच घर समजा."

"नको, खरंच. उगाच त्रास," मी म्हटलं. मी ओठ दाबून धरले होते, तरी म्हटलं.

मग मी थांबले. आता तिसऱ्यांदा विचारेल, आणि मी हो म्हणेन. मी दाराच्या पायरीवर एक पाऊलही ठेवलं. वर उशीला अभ्रा घालण्याचा आवाज येत होता. डर्व्हला पाच पायऱ्या चढून वळली, माझ्याकडे बघितलं, आणि वर तोंड करून म्हणाली, "आई, खाली कुणीतरी बाई आल्यात गं."

वरून कुणी काही बोललं नाही.

मॅलकी माझ्याकडे पाहून हसला. पाहुण्यांकडे पाहून हसतो तसा, अगदी मनापासून. हात दाराच्या कडेवर होता. मला आत घ्या, एवढंच म्हणायचं होतं. पोरीसाठी मी सगळ्या गावासमोर पाया पडले होते, ती गोष्ट वेगळी. पण माझ्याच दारात, माझ्याच नवऱ्यापुढे, माझ्याच घरात येऊ द्या म्हणून हात पसरू?

मी मान ताठ ठेवली. दार हळूच लागलं. बिजागरी जराही कुरकुरली नाही. दर शनिवारी मीच तिला तेल घालत असे.